डाव्या पायाचा किम

३१ जानेवारी २०१४, शुक्रवार. हॉलमध्ये सतरंजीवर मी उताणा पडलो होतो. पाय खुर्चीवर, कमरेखाली शेकायची पिशवी. चार दिवसांपूर्वी पाण्याचा वीस लिटरचा जार उचलून डिस्पेन्सरवर उलटा करताना कमरेत 'कट्' असा आवाज आला. आवाज खरंच आला की मला वाटला, ते आजही सांगता येणार नाही. मी अर्धवट वाकलेला, जार छातीशी कवटाळलेला, आणि तोंडातून एवढंच निघालं, "आई, जार घे." आईने आधी जार घेतला, मग मला.

सोमवारी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं.

त्या रात्री झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. कूस बदलायची तर आधी दहा मिनिटं विचार करावा लागे. इंग्लंडमधल्या फुटबॉल खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा तो शेवटचा दिवस होता, आणि लंडनच्या आर्सेनल क्लबचे आम्ही सगळे भक्तगण मोबाइलला डोळे लावून बसलो होतो (मी पडलो होतो). आदल्या सप्टेंबरात क्लबने मेसुत ओझिलसाठी सव्वाचार कोटी पौंडांच्या आसपास मोजले होते. संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता, पण मधली फळी पार मोडकळीला आलेली. रॅम्सी जखमी, फ्लामिनीला तीनच दिवसांपूर्वी साउथॅम्प्टनमध्ये लाल कार्ड. महिनाभर जर्मनीतल्या ड्राक्सलरचं नाव घोळत होतं. पहाटे पहाटे बातमी पक्की झाली. ड्राक्सलर नाही. स्पार्टाक मॉस्कोचा एक एकतीस वर्षांचा स्वीडिश खेळाडू, तोही उसनवारीवर, मोसम संपेपर्यंत. किम कालस्ट्रम.

ग्रुपवर शिव्या सुरू झाल्या. मला मात्र हसू आलं, आणि हसल्यामुळे कमरेत कळ आली. कारण हा माणूस मी बारा वर्षांपूर्वीच विकत घेतला होता.

२००२ मध्ये आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. चिंचवडला एका मित्राच्या घरी कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हा खेळ होता, सीझन ०१/०२. सीडी तापकीर गल्लीतून आणलेली. तिच्या पूर्वजांबद्दल न विचारलेलं बरं. या खेळात चित्र म्हणून काही नव्हतंच. मैदान नाही, खेळाडू नाहीत, चेंडू नाही. आपण व्यवस्थापक व्हायचं, संघ निवडायचा आणि सामना सुरू झाला की पडद्यावर एकेक ओळ उमटायची. अमक्याने चेंडू अडवला. तमक्याने पुढे दिला. मध्येच पट्टी लुकलुकायची आणि आमचा श्वास अडकायचा. अख्खा फुटबॉल आम्ही असा वाचून खेळलो.

हा खेळ खेळलेल्यांच्या जगभर पसरलेल्या भाऊबंदकीत काही नावं मंत्रासारखी आहेत. खऱ्या जगात ज्यांना कुत्रं ओळखत नव्हतं अशी पोरं, जी स्वस्तात मिळायची आणि दोन मोसमांत हिरे निघायची. त्यांतली काही पुढे खऱ्या जगातही मोठी झाली. बरीचशी कुठे गेली कोणाला पत्ता नाही. किम हा त्यांतला एक. स्वीडनमधला, वय वर्षं एकोणीस, डाव्या पायाचा, मधल्या फळीतला. लांबचे पास, लांबून मारलेले फटके, फ्री-किक (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) यांचे आकडे डोळे दिपवणारे. नावातल्या 'ए'वर दोन टिंबं, 'ओ'वर दोन टिंबं. आम्ही ती टिंबं बाजूला सारून 'कालस्ट्रम' असं बारसं केलं. मित्राची आजी मागे जप करत बसलेली असायची. तिलाही हे नाव पाठ झालं होतं. "आज कालस्टर खेळला का रे?" असं ती विचारायची.

त्याचा चेहरा आम्ही कोणी पाहिला नव्हता. पाहायची गरजही वाटली नाही.

त्या नावाचा खरा उच्चार 'शेलस्ट्रोम'च्या जवळ जातो, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. स्वीडिशमध्ये 'के'च्या पुढे तो टिंबवाला स्वर आला की 'क'चा 'श' होतो. 'शेल्ला' म्हणजे झरा आणि 'स्ट्रोम' म्हणजे प्रवाह. निसर्गातले दोन शब्द उचलून आडनाव जोडण्याची तिथे जुनी रीत आहे. डोंगर, फांदी, पान, बेट, काहीही चालतं. आमच्याकडे माणूस गावाला 'कर' लावून मोकळा होतो. तर आमचा कालस्टर म्हणजे मुळात झऱ्याचा ओघ.

आणि जन्मगाव सँडविकन.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "सँडविकन? म्हणजे आपल्या दापोडीच्या सँडविकचं गाव?"

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात लेथवर ज्याने काम केलंय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. बाबांनी भोसरीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. त्यांच्या खिशातून धुण्याच्या वेळी हमखास एखादी टिप निघायची. टिप म्हणजे कार्बाइडचा नखाएवढा तुकडा, मध्ये भोक, वर सोनेरी मुलामा. लहानपणी मी त्यांना सोन्याची बिस्किटं समजायचो. ही टिप टूलहोल्डरवर स्क्रूने बसवायची आणि फिरत्या लोखंडाला लावायची. चौकोनी टिपेला चार कोपरे. एकाची धार गेली की स्क्रू ढिला करून टिप फिरवायची, दुसरा कोपरा पुढे येतो. चारही झाले की उलटी करायची, मागचे चार. आठही बोथट झाले की डब्यात. डबा भरला की भंगारवाला येतो आणि लोखंडाच्या कितीतरी पट भावाने उचलतो. नवा पोरगा सहाव्या कोपऱ्यालाच टिप डब्यात टाकायला लागला की बाबा त्याला ती परत काढायला लावायचे. "बघ, दोन शिल्लक आहेत."

तर ही टिप बनवणाऱ्या कंपनीचं मूळ गाव सँडविकन. योरान फ्रेडरिक योरानसोन नावाच्या माणसाने १८५८ मध्ये बेसेमरची पोलाद करण्याची पद्धत कारखान्यात यशस्वी करून दाखवली. खुद्द बेसेमरचं पेटंट घेतलेल्या इतरांचे हात तोवर टेकले होते. १८६२ मध्ये या योरानसोनने सँडविकनला कारखाना काढला आणि कारखान्याभोवती गाव वसलं. गावच्या फुटबॉल मैदानाचं नावही 'येर्नवालेन'. 'येर्न' म्हणजे लोखंड. १९५८ चा विश्वचषक स्वीडनमध्ये झाला तेव्हा या लोखंडी मैदानावरही सामने झाले. हंगेरी आणि वेल्स तिथे १-१ असे बरोबरीत सुटले. त्या स्पर्धेत स्वीडन अंतिम फेरीत पोचला, कर्णधार नील्स लीडहोल्मने चौथ्याच मिनिटाला ब्राझीलवर गोल चढवला, आणि मग सतरा वर्षांच्या पेलेने काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. ५-२. लीडहोल्मही मधल्या फळीतलाच.

किम या गावात २४ ऑगस्ट १९८२ ला जन्मला, पण वाढला गोथेनबर्गला खेटून असलेल्या पार्टिलेत. हेकन क्लबात तयार झाला आणि २००२ मध्ये स्टॉकहोमच्या यूरगॉर्डनला गेला. आम्ही चिंचवडला त्याला पडद्यावर खेळवत होतो, नेमक्या त्याच वर्षी यूरगॉर्डनने स्वीडनची लीग जिंकली. आधीचं विजेतेपद १९६६ चं. म्हणजे छत्तीस वर्षांचा दुष्काळ, आणि तो फोडणाऱ्या संघात मध्यभागी एक वीस वर्षांचा मुलगा. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले. मग फ्रान्समध्ये रेन, आणि २००६ मध्ये लियाँ.

लियाँबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. हा क्लब तेव्हा फ्रान्सवर राज्य करत होता. ओळीने सात वर्षं लीग जिंकली, त्यातली शेवटची दोन, २००७ आणि २००८, किमच्या काळातली. पण तिथे आधीपासून एक ब्राझीलचा माणूस बसलेला होता, जुनिन्यो. लियाँसाठी थेट फ्री-किकवर चव्वेचाळीस गोल करणारा. चेंडू असा मारायचा की तो हवेत दारू प्यायल्यासारखा चालायचा आणि गोलकीपर दोन्ही बाजूंना एकदम झेपावायचा. ज्याचं अर्धं भांडवल फ्री-किक हेच आहे, त्याने नेमकं या माणसाच्या घरात भाडेकरू म्हणून जावं! चेंडू ठेवला जायचा, दोघं शेजारी उभे राहायचे, आणि मारायचा जुनिन्यो. मी त्या काळात रात्री-बेरात्री लियाँचे जे काही सामने पाहिले त्यात मला किम आठवतो तो असा, चेंडूपासून चार पावलांवर, कमरेवर हात ठेवून, बघत असलेला. तक्रार नाही चेहऱ्यावर. उद्या माझी पाळी येईल असंही नाही. नुसता उभा.

जुनिन्यो २००९ ला गेला. किम तिथे आणखी तीन वर्षं राहिला.

खेळात मी त्याला नेहमी संघाचा राजा केला होता. सगळे चेंडू त्याच्याकडून जायचे. खऱ्या जगात तो राजा कधीच झाला नाही, आणि याचं मला बरीच वर्षं वैयक्तिक दुःख होतं. आपण पैसे लावलेला घोडा जिंकत नाही म्हटल्यावर होतं तसं. त्याच्या पिढीचं नाव स्लाटान ठरलेलं होतं. स्लाटान इब्राहिमोविच असलेल्या संघात बाकीचे दहा जण वऱ्हाडी. कॅमेरा नवरदेवावर.

पहिल्यांदा मी किमला हलताना पाहिलं ते २००६ च्या विश्वचषकात. २४ जून, म्युनिक, यजमान जर्मनीशी बाद फेरीचा सामना. आठ जण एका खोलीत, आणि मी सगळ्यांना सांगत होतो, तो बघा माझा माणूस. बारा मिनिटांत जर्मनीच्या पोडोल्स्कीने दोन गोल केले. पस्तिसाव्या मिनिटाला स्वीडनच्या बचावफळीतल्या लुचिचला दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. आता दहा जण, त्यात बचावाला माणूस कमी. प्रशिक्षकाने काय करावं? एकोणचाळिसाव्या मिनिटाला फलक वर गेला. किम बाहेर, त्याच्या जागी बचावपटू आत.

चूक लुचिचची, आणि उठायचं किमने. "झाला का तुझा माणूस?" असं मित्राने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मधल्या फळीतल्या माणसाचं हे असंच असतं. बचावात भोक पडलं तर त्याला काढतात, गोल हवा असला तरी त्यालाच काढतात. मी स्वतः कॉलेजच्या संघात मध्यभागी खेळायचो, म्हणजे दोन्हीकडे धावायचो आणि दोन्हीकडून शिव्या खायचो, त्यामुळे तो फलक मला अंगावर आल्यासारखा वाटला. किमचा तो एकच विश्वचषक. नंतर स्वीडन २०१० ला पोचलं नाही, आणि २०१४ च्या तोंडावर पोर्तुगालच्या रोनाल्डोने स्टॉकहोमजवळच्या सोल्नात येऊन तीन गोल मारले.

आता एक कबुली. १६ ऑक्टोबर २०१२, बर्लिन. पुन्हा जर्मनी. रात्री सव्वाबाराला सामना सुरू झाला, मी कुठल्याशा लिंकवर पाहत होतो, चित्र दर दोन मिनिटांनी गोठत होतं. जर्मनीच्या क्लोजेचे दोन गोल, मर्टेसाकरचा एक. मध्यंतरानंतर किम आत आला. छप्पन्नाव्या मिनिटाला ओझिलने चौथा मारला. ४-०. मी लॅपटॉप मिटला आणि झोपलो.

सकाळी बसमध्ये मोबाइल उघडला तर ४-४.

नंतर ते सगळं इतक्या वेळा पाहिलं की आता प्रत्यक्ष पाहिल्याची खोटी साक्ष देऊ शकेन. बासष्टाव्या मिनिटाला किमच्या डाव्या पायातून चेंडू उठला आणि बचावफळीच्या डोक्यावरून नेमका स्लाटानच्या डोक्यावर उतरला. गोल. दोनच मिनिटांनी तसाच आणखी एक, तिरका, लांब; लुस्टिग पळत आला आणि मारून मोकळा झाला. मग एल्मांडर, आणि जादा वेळाच्या तिसऱ्या मिनिटाला एल्म. गोल करणारे चौघे, त्यांचे फोटो छापून आले. पण पहिल्या दोन गोलांत दिसतो तो चेंडूचा तो चढ-उतार. मी तो फ्रेम थांबवून थांबवून पाहिलाय. पाय फार जोरात जात नाही. चेंडूच्या खाली जेमतेम शिरतो, सुपात धान्य उडवताना मनगट जितकं हलतं तितकाच घोटा हलतो. चेंडू वर जातो आणि खाली येताना दमल्यासारखा अलगद येतो. ज्याला मिळतो त्याला फक्त डोकं लावायचं असतं.

पडद्यावर ओळी वाचत होतो तेव्हा 'पासिंग' या शब्दापुढे एक मोठा आकडा दिसायचा. तो आकडा म्हणजे काय, ते मला दहा वर्षांनी कळलं, तेही झोपून उठल्यावर.

बरोबर वर्षभराने, १५ ऑक्टोबर २०१३ ला, स्वीडन आणि जर्मनी सोल्नात पुन्हा भेटले. त्या सामन्यातही धमाल झाली. स्वीडन २-० ने पुढे, मग जर्मनीच्या शुर्लेचे तीन, शेवट ३-५. पण त्या रात्रीची लक्षात राहिलेली गोष्ट सामना सुरू व्हायच्या आधीची आहे. खेळाडू मैदानात येतात तेव्हा प्रत्येकाचा हात धरून एकेक मूल येतं. त्या दिवशी आलेल्या मुलांत विल्यम्स सिंड्रोम असलेली मुलं होती. हा जन्मजात आजार. अशी मुलं माणसांवर फार लवकर जीव टाकतात, पण धास्तावतातही तितक्याच लवकर. पन्नास हजार माणसं, आवाज, दिवे. अशाच एका मुलाचा हात किमच्या हातात होता. बोगद्यातून बाहेर यायच्या वेळी किमच्या लक्षात आलं की पोरगं घाबरलंय. तो त्याच्यासमोर खाली बसला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला आणि त्याच्याशी बोलत राहिला.

त्या मुलाच्या वडिलांनी नंतर किमला उघड पत्र लिहिलं आणि ते स्वीडनभर वाचलं गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माझ्या मुलाला त्या क्षणी कशाची गरज आहे ते तुम्ही ओळखलंत. मी ते दृश्य शोधून पाहिलं. त्यात काहीच घडत नाही, हे त्यातलं विशेष. एक उंच माणूस वाकतो, काहीतरी पुटपुटतो. मागे बाकीचे खेळाडू मान ताठ करून कॅमेऱ्याकडे बघतायत.

तेव्हा २०१४ च्या त्या पहाटे ग्रुपवर शिव्या पडत होत्या त्या या माणसाला.

पुढच्या एक-दोन दिवसांत शिव्यांना नवं कारण मिळालं. कालस्ट्रमची पाठ मोडलेली आहे! झालं होतं असं. स्पार्टाकचा संघ थंडीतल्या सरावासाठी अबू धाबीत होता. तिथे वाळूवर फुटबॉल खेळताना किम पाठीवर आपटला. दुखत होतं, पण किती ते कोणाला कळलं नव्हतं. आर्सेनलच्या डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा मणक्याला तडा निघाला. सहा आठवडे तरी मैदान नाही. तोवर शेवटच्या दिवसाचे शेवटचे तास उरले होते. दुसरा माणूस शोधायला वेळ नाही. घ्यायचा तर हाच, नाहीतर कोणीच नाही. आर्सेनलचे व्यवस्थापक वेंगरसाहेब, त्यांनी घेतला, आणि मागून मोकळेपणाने सांगून टाकलं की हातात आणखी दोन दिवस असते तर घेतला नसता.

वाचून मी सतरंजीवर पडल्या पडल्या थरारलो. माझीही अवस्था तंतोतंत तीच होती की! फक्त पगारात फरक.

त्याच शुक्रवारी दुपारी मी नव्या ऑफिसच्या साहेबांना फोन केला होता. आधी आडवळणाने, मग सरळच सांगितलं, "सर, कमरेत चमक भरलीय, डॉक्टर तीन आठवडे म्हणतायत." पलीकडे शांतता. कागद उलटल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "आमचा आधीचा माणूस आज गेला हो. तुम्ही याच. बसायचंच तर काम आहे." आता कंबर गेलेल्या माणसाला बसणं किती जड जातं हे त्यांना कोण सांगणार! गेलो. कमरेला पट्टा, हातात उशी, वीस मिनिटं बसायचं आणि पाच मिनिटं फोटोकॉपी मशीनपाशी उभं राहायचं. पहिले पंधरा दिवस सगळ्यांना वाटायचं मी मशीन दुरुस्त करायला आलोय. ज्याला कामाला घेतलंय तो काम करू शकत नाही, हे त्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, शेजारच्या टेबलालाही ठाऊक. अशा वेळी माणूस फार नम्र होतो. मी सगळ्यांना चहा आणून द्यायला लागलो होतो.

आणि रोज संध्याकाळी आर्सेनलची जखमींची यादी बघायचो. किम अजून यादीत म्हणजे माझीही रजा मंजूर, असा काहीतरी वेडगळ हिशेब.

२५ मार्चला तो पहिल्यांदा मैदानात उतरला, स्वान्सीविरुद्ध, अगदी शेवटी शेवटी. २-१ ने पुढे असलेल्या आर्सेनलने नव्वदाव्या मिनिटाला स्वतःच्याच जाळ्यात गोल करून घेतला. एकूण तो आर्सेनलसाठी चार सामने खेळला. चार! त्याच्या देशासाठी खेळलेले सामने एकशे एकतीस, गोल सोळा. स्वीडनमध्ये दोनदा लीग, एकदा चषक, फ्रान्समध्ये दोन्ही दोन-दोनदा, असं भरलेलं कपाट असलेल्या माणसाला इंग्लंडात आणि आपल्याकडे आजही लोक 'तो पाठ मोडलेला' म्हणून ओळखतात. इंग्रजी फुटबॉलच्या दुनियेत जे इंग्लंडमध्ये घडलं नाही ते घडलंच नाही, असा एक रिवाज आहे. तो आपणही निमूट उचललाय.

पुढचं लवकर सांगतो. मॉस्कोला परत, मग झुरिकचा ग्रासहॉपर, आणि २०१७ मध्ये घरी, यूरगॉर्डनला. त्याआधी २०१६ च्या युरो स्पर्धेत स्वीडनच्या नावावर एकच गोल लागला, तोही आयर्लंडच्या बचावपटूने स्वतःच्या जाळ्यात मारलेला. २२ जूनला नीसमध्ये बेल्जियमकडून हरले आणि स्लाटान, गोलकीपर इसाकसोन आणि किम असे तिघेही एकाच रात्री राष्ट्रीय संघातून निवृत्त झाले. बातमीचा मथळा कोणाच्या नावाचा होता ते सांगायला नको. आता किम स्वीडिश फुटबॉल संघटनेत आहे. २०२४ मध्ये डेन्मार्कच्या टॉमासनला राष्ट्रीय प्रशिक्षक नेमलं त्यात तो होता, आणि कोसोवोकडून घरच्या मैदानावर हरल्यावर २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच टॉमासनला घरी पाठवल्याचं सांगायलाही तोच समोर आला. भोक पडलं की मधल्या फळीतल्यालाच बोलावतात, तेव्हा निदान या वेळी उठून जाणारा तो नव्हता.

पण मला सांगायचंय ते १२ एप्रिल २०१४ चं.

वेम्बलीत एफए चषकाची उपांत्य फेरी, विगनशी. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीला पंचवीस वर्षं होत होती म्हणून त्या आठवड्यात सगळे सामने सात मिनिटं उशिरा सुरू झाले. आमच्याकडे नऊ वाजून सदतीस मिनिटांनी. आर्सेनलने २००५ नंतर काहीही जिंकलेलं नव्हतं, आणि विगन खालच्या लीगमधला संघ, पण आदल्या वर्षीचा चषकविजेता. तासाभराने आमच्या मर्टेसाकरने पेनल्टी ओढवून घेतली आणि विगनने ती मारली. आठ मिनिटं उरली असताना त्याच मर्टेसाकरने डोक्याने बरोबरी साधली. बर्लिनमध्ये जो पलीकडच्या बाजूला होता, तोच मर्टेसाकर. अर्धा तास जादा. त्याच्याही शेवटाकडे रॅम्सी दमून बाहेर आला आणि फलकावर किमचा नंबर लागला. पेनल्टी मारायलाच पाठवला होता, उघड होतं.

मी उभा होतो. त्या दिवसांत मी टीव्ही उभ्यानेच पाहायचो, कपाटाला पाठ टेकून, पट्टा घट्ट बांधून. बारा होऊन गेले होते. बाबा पाणी प्यायला उठले.

"अजून चाललंय?"

"पेनल्टी."

ते तांब्या हातात घेऊन थांबले. विगनचा पहिला फटका आमचा गोलकीपर फॅबियान्स्कीने अडवला. आमच्या आर्टेटाने मारला. विगनचा दुसराही अडवला. आता मैदानाच्या मधून एक माणूस एकटा चालत निघाला. सावकाश. पाठ ताठ, जरा जास्तच ताठ. पट्टा बांधणाऱ्याला अशी पाठ लांबूनही ओळखू येते.

"हा कोण?"

"किम. तो कमरेवाला."

"सँडविकनचा?"

"हो."

त्याने चेंडू ठेवला. परत हातात घेतला, फिरवला, पुन्हा ठेवला. मागे आला. शेजारी कोणी उभं नव्हतं. डावा पाय, आणि चेंडू जाळ्यात.

बाबांनी तांब्या तोंडाला लावला, घोटभर पाणी प्यायले. "फिरवून बसवला वाटतं," असं काहीसं म्हणाले आणि दिव्याच्या बटणाकडे वळले. "चल, तू पण बस आता जरा."

मी बसलो नाही. अजून जिरू आणि कासोर्ला बाकी होते.